संशोधकाची मुदत आणि विद्यापीठाची जबाबदारी

बडोदे संस्थानाने दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवल्यापासून त्याला महिना साडेअकरा पौंडांवर गुजराण करावी लागली होती. परतल्यावर त्याने बडोद्यात नोकरी धरली व सोडली, पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून उसने पैसे घेतले आणि १९२० साली तो पुन्हा लंडनला गेला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्याला मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती आली ती १९२७ मध्ये, म्हणजे त्या विद्यापीठात प्रवेश घेतल्यानंतर चौदा वर्षांनी.

हे विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची ही कहाणी जिद्दीचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे विद्यापीठीय धोरणाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. तसे पाहिले तर तिच्यातील एक तपशील डोळ्यांत भरतो. १९१७ साली निघताना लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची मुभा दिली होती. या मुभेसाठी विद्यापीठाला काहीही खर्च आला नाही. विद्यार्थ्याच्या बुद्धीत काही उणे नव्हते, उणे पडला तो पैसा आणि पैशापायी वेळ, एवढे मात्र विद्यापीठाने ओळखले. आज आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणाचे आणि संशोधनाचे नियम पुनःपुन्हा बदलले जात असताना हा भेद ध्यानात घेतला जातो काय, हा खरा प्रश्न आहे. मुंबईसारख्या महानगरातील विद्यापीठाच्या बाबतीत तर तो अधिकच तीव्रतेने उभा राहतो.

शहरातून उभे राहिलेले विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्याव्यात आणि पदव्या द्याव्यात, एवढेच त्याचे काम होते. शिकविण्याचे व संशोधनाचे उत्तरदायित्व विद्यापीठांवर आले ते १९०४ च्या कायद्यानंतर. आणि मुंबईत त्याला ठोस रूप मिळाले ते १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला तेव्हा. समाजशास्त्राचे अध्यापन पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आले. नगररचनेचा हा अभ्यासक शहराकडेच एक प्रयोगशाळा म्हणून पाहणारा होता. पुढे १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी ती धुरा वाहिली. इरावती कर्वे, म. ना. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. अर्थशास्त्रात के. टी. शहा आणि चं. न. वकील यांनी भारताच्या राजस्वाचा, चलनाचा आणि व्यापाराचा अभ्यास स्थिर पायावर उभा केला.

या परंपरेचे वैशिष्ट्य असे की तिने आपल्या दाराबाहेरच्या शहराकडे पाठ फिरविली नाही. डी. टी. लकडावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई शहराची आर्थिक पाहणी करून काम, वेतन आणि राहणीमान यांविषयीचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो १९६३ साली विद्यापीठानेच प्रसिद्ध केला. अ. र. देसाई व देवदास पिल्लै यांचा मुंबईतील झोपडवस्तीविषयीचा अभ्यास १९७२ साली आला. गिरणगावात, बंदरात, चाळीत व झोपडपट्टीत राहणारी माणसे या ग्रंथांत आकड्यांच्या रूपाने का होईना, पण भेटतात. महानगरातील संशोधन विद्यापीठ म्हणजे काय, याचे उत्तर या ग्रंथांनी दिलेले आहे.

याच शहराने नोकरी करून शिकणाऱ्या माणसाचीही एक परंपरा निर्माण केली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग भरवून कारकून, शिपाई व कामगार यांच्यासाठी पदवीचा दरवाजा उघडला. सकाळी महाविद्यालय, दिवसभर कचेरी आणि रात्री चाळीच्या गॅलरीत किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, हा क्रम मुंबईतील हजारो कुटुंबांच्या आठवणीत आहे. १९७१ पासून पत्रद्वारा शिक्षणाचीही सोय झाली. पदवीपर्यंत आणि काही प्रमाणात एम.ए., एम.कॉम.पर्यंत या माणसाची दखल घेतली गेली. संशोधनाच्या उंबरठ्यावर मात्र तो अडखळतो.

बदलत्या नियमांची मालिका

गेल्या काही वर्षांतील नियमांचा क्रम पाहण्यासारखा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा आणि ‘कोर्सवर्क’ यांची चौकट घालून दिली. २०१६ मध्ये नवे विनियम आले. त्यांत प्रबंध सादर करण्यापूर्वी मान्यताप्राप्त नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन निबंधवाचने आवश्यक ठरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा नवे विनियम आले आणि ही अट गेली. त्याच विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली.

अध्यापकपदाच्या पात्रतेचेही तसेच. विद्यापीठ विभागातील सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य होणार, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. ती तारीख पुढे जुलै २०२३ वर गेली. आणि तो दिवस उजाडण्याच्या वेळी आयोगाने सांगितले की पीएच.डी. ऐच्छिक राहील, नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरेशी आहे. पाच वर्षे ज्या तरुणांनी ‘पीएच.डी. नसेल तर दार बंद’ अशा समजुतीने नोकऱ्या सोडल्या, कर्जे काढली, लग्ने पुढे ढकलली, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. निर्णय चुकीचा होता असे नव्हे. एकाच पदवीला नोकरीचा परवाना बनवू नये हे तत्त्व योग्यच आहे. पण धोरण योग्य असणे वेगळे आणि ते स्थिर असणे वेगळे. संशोधनाला किमान तीन वर्षे लागतात. ती पुरी होण्याआधीच नियमच बदलत असतील तर संशोधकाने कोणत्या भरवशावर पाऊल टाकावे?

एम.फिल. बंद झाल्याचे फारसे कोणाला दुःख झाले नाही. त्या पदवीची अनेक ठिकाणी दुर्दशा झाली होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि महाविद्यालयीन शिक्षकाला, नोकरदार पदव्युत्तराला एक लहानसा संशोधन प्रकल्प हाती घेऊन आपली कुवत पारखण्याची ती एक पायरी होती. दोन ते चार सत्रांत ती पूर्ण करता येई. आता एम.ए. झाल्यावर थेट तीन ते सहा वर्षांच्या प्रबंधाला हात घालायचा किंवा संशोधनाचा विचारच सोडून द्यायचा, असे दोनच मार्ग उरले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व संशोधन प्रकल्प यांचा समावेश झाला आहे, ही जमेची बाजू. परंतु तो प्रकल्प तपासण्यास मार्गदर्शकाकडे वेळ असेल तरच त्याचा उपयोग.

घड्याळ आणि पाकीट

चालू विनियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण मर्यादा दहा वर्षांची. स्त्रियांना बाळंतपण व बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. अर्धवेळ पीएच.डी.लाही परवानगी आहे, त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कागदावर पाहता यात फारसे वावगे दिसत नाही. अडचण अशी की वेळेचे हे मोजमाप पूर्णवेळ संशोधकाच्या आयुष्यावरून बेतलेले आहे आणि तेच माप अर्धवेळ संशोधकाच्या अंगावर चढविले आहे.

पूर्णवेळ संशोधक म्हणजे कोण? कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळालेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. पण ती मिळणारे थोडे. शिवाय खुल्या गटासाठी तिची वयोमर्यादा तीस वर्षांची, म्हणजे पस्तिशीतल्या शिक्षकाला तिचा विचारही करता येत नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवाय प्रवेश घेतलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दरमहा आठ हजार रुपयांची तरी तरतूद आहे. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्याला तीही नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांनी आपापल्या समाजगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्त्या दिल्या, ही गोष्ट मोलाची आहे. पण हक्काच्या रकमेसाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागते, तेव्हा त्या संशोधकाच्या प्रबंधाचे घड्याळ थांबत नाही, ते चालूच असते.

ज्याला यांपैकी काहीच मिळत नाही तो नोकरी करतो. अंबरनाथला किंवा विरारला राहणारा, फोर्टातल्या बँकेत काम करणारा अर्थशास्त्राचा पदव्युत्तर डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या रोजच्या दोन-अडीच तासांचा हिशेब लोकलमध्येच होतो. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार हे त्याचे हक्काचे संशोधनाचे दिवस. वर्षाला असे चोवीस दिवस. त्यांतून सणवार, आजारपण, लग्नकार्य वजा केले तर उरतात अठरा-वीस. सहा वर्षांत जेमतेम एकशेवीस. पूर्णवेळ संशोधक तितके दिवस पहिल्या सहा महिन्यांतच ग्रंथालयात घालवतो. रात्री जागून आणि रजा जोडून हा माणूस दिवस वाढवतो हे खरे. पण नियम दोघांनाही एकच तारीख दाखवितो. आणि बँकेच्या दैनंदिन व्यवहाराची जी आतली माहिती या माणसापाशी आहे, ती कोणत्याही अधिछात्रवृत्तिधारकापाशी नाही! पतपुरवठ्याचा, थकीत कर्जांचा, लहान दुकानदाराच्या रोखतेचा अभ्यास त्याच्या हातून व्हावयाचा तो होत नाही. हे नुकसान जितके त्याचे, तितकेच अर्थशास्त्राचेही आहे.

मार्गदर्शकांचे गणित

दुसरी अडचण मार्गदर्शकांची आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ही मर्यादा योग्यच आहे. वीस-वीस विद्यार्थ्यांचे नाममात्र मार्गदर्शन करण्याचा काळ कोणाला परत नको आहे. परंतु मार्गदर्शक कायम सेवेतील हवा, ही अटही तिच्या जोडीला आहे. समजा, एखाद्या विभागात दोन प्राध्यापक, तीन सहयोगी आणि पाच सहायक अशी दहा पदे आहेत. सर्व भरलेली असतील आणि सर्वांना मार्गदर्शनाची पात्रता असेल तर तेथे ५४ विद्यार्थ्यांना जागा आहे. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि एक सहायक अशी चार पदे रिकामी राहिली की जागा उरतात ३०. दहापैकी चार पदे रिकामी, पण विद्यार्थ्यांच्या जागा जवळजवळ निम्म्याने कमी! निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे ध्यानात घेतले तर आकडा आणखी खाली येतो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अध्यापकांच्या रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या जागा तासिका तत्त्वावरील शिक्षकांकरवी भरून काढल्या जातात. हा शिक्षक वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, पण संशोधनाचे मार्गदर्शन करू शकत नाही. म्हणजे पद न भरून शासन पगाराची बचत करते, असे जे दिसते ते अपुरे आहे. त्या बचतीची किंमत रांगेत उभे असलेले संशोधक भरत असतात. अर्थशास्त्रात ज्याला दडलेला खर्च म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

चाळणी कोठे असावी?

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. अर्धवेळ संशोधनाच्या नावाखाली निकृष्ट प्रबंधांचे कारखाने चालले, पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके फोफावली, बढतीच्या गुणांसाठी पदव्या जमविल्या गेल्या, तेव्हा नियम कडक झाले ते उगाच नव्हे, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. २०१८ च्या विनियमांनी सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीला पीएच.डी. आवश्यक केली, तेव्हा अनेकांना विषयाच्या ओढीपेक्षा वेतनश्रेणीच्या ओढीने प्रबंध लिहावा लागला, हेही खरे.

पण यावरचा उपाय दाराशी चाळणी आणि डोक्यावर घड्याळ हा आहे काय? २०२४ मध्ये आयोगाने पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण वापरण्याची योजना पुढे आणली. त्यात नेटच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के भार आहे. त्याच वर्षी १८ जून रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द करावी लागली. नऊ लाखांहून अधिक परीक्षार्थींना पुन्हा बसावे लागले. सगळ्या देशाला एकच दार ठेवले की ते दार अडकताच सगळे बाहेर राहतात, हा धडा त्यातून घ्यावयास हवा. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडणे हे एक कसब आहे आणि एक प्रश्न पाच वर्षे चिवटपणे धरून ठेवणे हे निराळे. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

चाळणी असावी ती शेवटी: प्रबंधाच्या तपासणीत, परीक्षकांच्या निवडीत, खुल्या मौखिक परीक्षेत. लंडन विद्यापीठाने आंबेडकरांना परत येण्याची मुभा दिली. पण त्यांचा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत पाठविला आणि तो सुधारून पुन्हा सादर केल्यावरच पदवी दिली. मुदतीत उदारता आणि दर्जात कठोरता, असा तो व्यवहार होता. आपल्याकडे नेमके उलट होताना दिसते. मुदत कठोर, आणि प्रबंध एकदा वेळेत आला की त्याला हरकत घेणारा विरळा!

विद्यापीठाच्या हातातील गोष्टी

आयोगाचे नियम बदलणे विद्यापीठाच्या हाती नाही. पण त्या नियमांच्या चौकटीतही पुष्कळ करण्याजोगे आहे. अर्धवेळ संशोधकासाठी कोर्सवर्कचे वर्ग संध्याकाळी आणि सुट्टीच्या काळात भरविता येतील. कालिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाचे दार त्याला रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी उघडे मिळावे. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. ठाणे, कल्याण, रत्नागिरी येथील उपकेंद्रांत मार्गदर्शकांच्या ठरलेल्या भेटी झाल्या तर सावंतवाडीच्या शिक्षिकेला एका सहीसाठी रात्रीचा प्रवास करावा लागणार नाही. मार्गदर्शकाने प्रकरण किती दिवसांत वाचून परत करावे, याचीही मुदत ठरली पाहिजे. विद्यार्थ्याला तारीख आणि मार्गदर्शकाला मोकळीक, हा न्याय नव्हे.

आयोगाकडे मात्र एक मागणी विद्यापीठांनी एकमुखाने करावी: नोंदणी स्थगित ठेवण्याची सोय. नोकरी गेली, बदली झाली, घरात आजारपण आले, अधिछात्रवृत्ती थकली, तर तेवढा काळ संशोधकाचे घड्याळ थांबावे. बाळंतपणासाठी ही गोष्ट मान्य झाली आहेच. मग पोटासाठी ती का मान्य होऊ नये?

राहिला पैशाचा प्रश्न. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. शहरातील पाणी, वाहतूक, घरभाडे, आरोग्य, कचरा यांपैकी प्रत्येक विषय हा प्रबंधाचा विषय आहे. पंचवीस संशोधकांना जेआरएफच्या दराने वर्षभर वृत्ती द्यावयाची तर खर्च येतो एक कोटी अकरा लाख रुपये. त्या अंदाजपत्रकात ही रक्कम डोळ्यांना दिसणारही नाही. तिच्या मोबदल्यात शहराला स्वतःविषयी जे ज्ञान मिळेल, ते सल्लागार कंपन्यांच्या गुळगुळीत अहवालांहून अधिक टिकाऊ ठरेल. १९६३ च्या पाहणीनंतर मुंबईची गिरणी बंद पडली, कामगाराचा मुलगा मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवू लागला, चाळीच्या जागी मनोरे उभे राहिले. या बदलांचा हिशेब मांडण्याचे काम मुंबईच्या विद्यापीठाचेच आहे.

तो हिशेब मांडणारा माणूस कदाचित आज संध्याकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभा असेल. त्याला कोणी फुकट पदवी द्यावी असे म्हणणे नाही. कठोर परीक्षकापुढे उभे राहण्याइतका वेळ मात्र त्याला मिळाला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी एका परक्या विद्यापीठाने मुंबईच्या एका विद्यार्थ्याला जे दिले, ते मुंबईच्या विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांना देता येऊ नये, हे या शहराला शोभणारे नाही.